‘आपल्या भागात’ म्हणजे नेमके कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे सांगणाऱ्या क्लिपमध्ये तारीख नसते, गावाचे नावही सहसा नसते. ‘आपल्या भागात’ एवढेच असते. ज्याच्या हाती क्लिप पडते, त्याचा भाग तोच ‘आपला’. राईनपाडा (ता. साक्री, जि. धुळे) येथे १ जुलै २०१८ रोजी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले, ते अशाच अफवेपायी. माणसे मंगळवेढ्याकडची, म्हणजे परकीही नव्हेत. त्याच रात्री मालेगावात घेरलेल्या पाच जणांना, त्यांत एक लहान मूल होते, पोलिसांनी वाचवले.

त्या काळात देशभर फिरलेल्या एका व्हिडिओत दोघे मोटारसायकलवरून येऊन रस्त्यावरचे मूल उचलतात. मूळ व्हिडिओ कराचीतल्या जनजागृतीचा. शेवटी ते मुलाला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तेवढाच भाग कापला होता. हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. व्हिडिओ थांबवून दुकानाची पाटी, गाडीची नंबरप्लेट, चेहरा अशा तीन-चार जागी स्क्रीनशॉट घ्यावेत, वर चिकटवलेली मजकुराची पट्टी कापून टाकावी आणि मग गूगल लेन्सवर टाकावेत. पट्टी तशीच ठेवली तर लेन्स बऱ्याचदा चित्राऐवजी अक्षरांमागे धावते. काहीच सापडले नाही तर चित्र आडवे उलटवून पुन्हा पाहावे, कारण पकड चुकवायला व्हिडिओ कधीकधी आरशातल्यासारखा फिरवलेला असतो. तरीही हाती काही लागले नाही, तर त्यावरून तो खरा ठरत नाही. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून वेळ-ठिकाणाची नोंद गळून जाते. ‘मी स्वतः काढलाय’ म्हणणाऱ्याकडे तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागावा. नुसत्या आवाजाच्या क्लिपला यातले काहीच लागू पडत नाही. तिथे आपले पोलीस ठाणे किंवा ११२ एवढाच उपाय.

व्हॉट्सॲपने जुलै २०१८ मध्ये भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून पाच वा अधिक हातांतून आलेला, दोन बाणांची खूण असलेला संदेश एका वेळी एकाच चॅटमध्ये जातो. वेग कमी होतो, हे खरे. पण हा हिशेब हातांचा आहे, सत्याचा नव्हे. व्हिडिओ फोनमध्ये उतरवून नव्याने पाठवला की बाण पुसले जातात.

ॲडमिनने काय करावे? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये, सदस्याशी संगनमत नसेल तर त्याच्या संदेशाबद्दल ॲडमिन दोषी ठरत नाही, असे म्हटले आहे. त्यामुळे घाबरून ग्रुपच बंद करण्याची गरज नाही. संदेश सर्वांसाठी डिलीट करता येतो. पण ज्यांचे ऑटो-डाउनलोड चालू असते, त्यांच्या फोनमध्ये व्हिडिओ आधीच उतरलेला असू शकतो. म्हणून खुलासा आधी टाकावा, संदेश मागाहून काढावा. नुसता काढला तर ‘दडपताहेत’ ही दुसरी अफवा उठते.

आता थोडे आपल्या वृत्तपत्रांबद्दल, राग नसावा. ‘व्हायरल व्हिडिओमुळे खळबळ’ या मथळ्याखाली अफवाच छापली जाते आणि खुलासा शेवटच्या परिच्छेदात येतो. घाईत वाचणाऱ्याच्या लक्षात मथळा राहतो. खोटा फोटो छापायचाच असेल तर ‘खोटे’ हा शिक्का कोपऱ्यात नको. कोपरा कापून तोच फोटो पुन्हा फिरतो. शिक्का मधोमध, तिरका हवा.

शिवाय खुलासा ‘नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये’ असा अख्ख्या राज्याला उद्देशून असतो, म्हणजे कोणालाच नसतो. अफवा ‘आपल्या भागात’ म्हणते, तेव्हा खुलाशात तालुक्याचे नाव हवे: अमुक पोलीस ठाण्याच्या हद्दीत अमुक तारखेपर्यंत मूल पळवल्याची एकही तक्रार नाही, चौकशीसाठी हा दूरध्वनी. हे चार ओळींत, फोनवर सरळ फॉरवर्ड होईल अशा चौकटीत, आणि साक्रीसारख्या तालुक्यात अहिराणीतल्या अर्ध्या मिनिटाच्या आवाजी क्लिपसह द्यावे. आठवडे बाजाराच्या आदल्या संध्याकाळी ते ग्रुपवर पोचले तर उपयोग. दुसऱ्या दिवशीच्या अंकात म्हणजे वरातीमागून घोडे. आपल्या तालुका वार्ताहरांना ठाण्यातून ही माहिती मिळवायला एक फोन पुरतो.

आपला,
एक वाचक, धुळे