द्राक्षं मिठाच्या पाण्यात भिजवून काय होणार?

संपादक साहेब, नमस्कार.

दर सीझनला तुमच्या पेपरात ती ठरलेली टीप येतेच, फवारणीची औषधं निघून जावीत म्हणून द्राक्षं मीठ नाहीतर खायचा सोडा टाकून भिजवा. मी पण भिजवते, नाही असं नाही. पण जे औषध वेलीने आत ओढून घेतलंय ते परळच्या माझ्या नळाखाली कसं निघणार हो? आणि फवारणीचं जे जमिनीत पडलं त्याचं तर कोणी नावच काढत नाही.

माझं सासर निफाडकडचं, भाऊजींची द्राक्षबाग आहे. मातीतले काही बॅक्टेरिया ही औषधं खाऊन त्यावरच जगतात हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला थापच वाटली, पण खरं आहे. पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातल्या लोकांनी बॅसिलस सबटिलिस या बॅक्टेरियावर काम केलंय, तो कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आणि प्रोफेनोफॉस हे कीटकनाशक तोडतो. आणि लिंडेनसारखं चिवट कीटकनाशक तोडणारा स्फिंगोबियम हा बॅक्टेरिया तर आपल्याच देशात उसाच्या मुळाजवळच्या मातीत सापडला.

आता गंमत बघा. भाऊजींनी गेल्या वर्षी एका दुकानातून बाटली आणली, वर लिहिलेलं "सर्व प्रकारचे रेसिड्यू नष्ट" (म्हणजे औषधांचे उरलेले अंश), एक्सपायरी डेट होती पण आत कुठला जंतू आहे ते कुठेच नाही. सगळं खाणारा जंतू नसतो ना, ज्याच्याकडे ज्या औषधाला तोडणारं एन्झाइम (पाचक रस म्हणा) तो तेवढंच तोडणार, आणि अर्धवट तोडलं तर अजून पंचाईत, एंडोसल्फान या कीटकनाशकाचं बघा, 2011 ला सुप्रीम कोर्टाने थांबवलं ते, त्याचं मातीतले जंतू एंडोसल्फान सल्फेट करून ठेवतात आणि ते मूळ औषधाइतकंच विषारी, वर टिकतं जास्त. म्हणजे रिपोर्टमध्ये मूळ औषध कमी दिसलं म्हणून माती साफ झाली असं नाही. त्यात भाऊजींनी बाटली सोडली आणि चार दिवसांनी बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीचं औषध, मारलं!! मोरचूदाने बुरशी मरते तसे बॅक्टेरिया पण मरतात, पैसे गेले पाण्यात. दुकानदाराने एक शब्द सांगितला नाही.

कोरड्या, सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्या-शेणाचा अंश) नसलेल्या जमिनीत तर हे जंतू नीट काम करत नाहीत, त्यामुळे शेणखत आधी, बाटली नंतर, हे माझं मत.

2010 मध्ये युरोपने सीसीसी (वेलीची वाढ रोखायचं रसायन) सापडलं म्हणून आपली द्राक्षं अडवली, तेव्हापासून एक्सपोर्टच्या मालाची तपासणी किती कडक झाली. आमच्या दादरच्या मंडईत येतो तो माल कोण तपासतं?

तर विनंती एवढीच, यंदा मिठाची टीप राहू द्या, मांजरीच्या कोणालातरी लिहायला सांगा की कुठल्या औषधावर कुठला जंतू चालतो, कधी सोडायचा, कशासोबत नाही. जमलं तर फेब्रुवारीच्या आधी छापा, नंतर माल निघायला लागतो आणि भाऊजींना पेपर वाचायला पण वेळ नसतो.

तुमची एक वाचक, परळ