कळत नाही म्हणून बाप्तिस्मा नाही?

मा. संपादक,

काल बालबाप्तिस्म्यावरचा, म्हणजे तान्ह्या बाळाला पाण्याने ख्रिस्ती मंडळीत घेण्याच्या विधीवरचा, तुमच्याकडचा लेख वाचला आणि तेव्हापासून डोकं शांत नाही, म्हणून लिहायला बसले. लेखकांचा अभ्यास दांडगा आहे हे मान्य, पण अख्खा लेख फिरून फिरून एकाच मुद्द्यावर येतो, की तान्ह्या बाळाला काय कळतं, कळत नाही तर विश्वास कसला आणि विश्वास नाही तर बाप्तिस्मा कसला.

हे "कळत नाही" मी आधी ऐकलंय. माझ्या धाकट्या भावाला डाउन सिंड्रोम आहे. त्याचा बाप्तिस्मा तान्हा असतानाच झाला होता, पण पुढे आम्ही दुसऱ्या मंडळीत जायला लागलो तर तिथले पाळक म्हणाले तो बाप्तिस्मा आम्ही धरत नाही, त्याने स्वतःच्या तोंडाने साक्ष द्यावी मग बघू. सगळ्यांसमोर उभं करून विचारलं, येशू तुझा कोण? तो हसला आणि त्याने पाळकांचा हात घट्ट धरला. ते उत्तर चाललं नाही! त्या दिवशी प्रभुभोजनाची भाकर त्याच्यासमोरून पुढे गेली, हा दोन्ही तळवे पसरून तसाच उभा, शेवटी आईने ते हात खाली केले. आई घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

लेखकांनी तर्तुल्यन या सुरुवातीच्या काळातल्या ख्रिस्ती धर्मपंडिताचा दाखला दिलाय. इ.स. 200 च्या सुमाराला तो लहान मुलांचा बाप्तिस्मा लांबवा म्हणाला हे खरंय, पण लांबवा म्हणायची वेळ आली म्हणजे तेव्हा देत होतेच ना? आणि तिथेच तो लग्न न झालेल्यांनाही थांबा म्हणतो, ते लेखात का नाही? बायबलात प्रेषितांची कृत्ये 16 मध्ये तुरुंगाच्या अधिकाऱ्याने घरच्या सगळ्यांसकट बाप्तिस्मा घेतला. त्यात बाळ होतं असं लिहिलेलं नाही, मीही तसं म्हणणार नाही. दुसऱ्या बाजूच्या, म्हणजे बालबाप्तिस्मा न मानणाऱ्या, लोकांनी त्यासाठी जीव दिलाय हेही मला माहितीये, फेलिक्स मान्झला 1527 मध्ये झुरिकला नदीत बुडवून मारलं, तो अन्यायच होता.

पण बायबलातलं मार्क 10 काढून बघा. लोक मुलांना घेऊन आले, शिष्यांनी दटावलं आणि येशू रागावला तो शिष्यांवर. मुलांना त्याने काही विचारलं नाही, कवेत घेतलं, डोक्यावर हात ठेवला. तिथे पाण्याचा उल्लेख नाही, कबूल. पण बालकासारखं राज्य स्वीकारा म्हणतो तेव्हा त्याच्यासमोर कुणीतरी उचलून आणलेली लेकरं आहेत, स्वतःचं काहीच दाखवायला नसलेली. आपण मोठे तरी कुठे सगळं समजून येतो? आणि बाळाच्या वतीने आईबाप, धर्ममाता-धर्मपिता वचन देतात, मोठं झाल्यावर दृढीकरणात, म्हणजे तो विश्वास पक्का करण्याच्या विधीत, ते मूल स्वतः बोलतं, या सगळ्याला लेखात एक ओळ मिळालीये.

अजून एक, लेख बाळांवर आणि फोटो कमरेभर पाण्यात उभ्या असलेल्या मोठ्या माणसाचा, हे छापण्याआधी कुणी बघत नाही का?

लेखकांनी एवढंच सांगावं की ज्याला कधीच शब्दांत साक्ष देता येणार नाही त्याने आयुष्यभर दाराबाहेर थांबायचं का. "तो अपवाद" असं उत्तर नको, ते आम्हाला तेव्हाही मिळालं होतं. जागा कमी पडली तर तर्तुल्यन कापा, भावाचं कापू नका.

आपली एक वाचक