राहिलेला बुश

मा. संपादक, स. न. वि. वि.

दर जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान आलं की हेल्मेटवर भरपूर छापून येतं. यायलाच हवं. पण मागच्या चाकाच्या एक्सलवर, म्हणजे चाक ज्या दांड्यावर फिरतं त्यावर, एक ओळही माझ्या वाचनात आलेली नाही, म्हणून हे पत्र.

मी पशुधन पर्यवेक्षक. वाई तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर फिरती. शंभर सीसीची जुनी गाडी, मागे कृत्रिम रेतनाच्या कांड्या गार ठेवणारा नायट्रोजनचा कॅन बांधलेला. दिवाळीआधी घाटमाथ्यावरच्या एका दुकानात मागचा टायर बदलला. पोरगा कामसू, हात भरभर चालणारा. अर्ध्या तासात चाक बसवून त्याने नट करकचून आवळला. पसरणी घाट उतरताना मात्र प्रत्येक वळणावर गाडीचं बूड बाहेर सरकतंय असं वाटायला लागलं. आधी कॅनवर संशय आला. थांबून पाहिलं तर कॅन जागच्या जागी, आणि चाक हाताने धरून आडवं हलवलं तर खटखट हललं. गाडी टेम्पोत घालून खाली आणली.

ब्रेकची प्लेट आणि चिमटा (मागचं चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या दांड्या) यांच्यामध्ये लोखंडी नळीचा एक तुकडा असतो, बुश. तोच राहिला होता. दुसऱ्या दिवशी त्या दुकानात जुन्या ट्यूबांच्या ढिगाखाली सापडला. बुश नसला की नट एक्सलच्या आट्यांच्या शेवटाला जाऊन अडतो. पाना फिरेनासा झाला म्हणजे घट्ट झालं, असं बसवणाऱ्याला वाटतं. चिमट्याने चाक धरलेलंच नसतं.

वाईतल्या जुन्या मिस्त्रींनी चाक पुन्हा बसवलं तेव्हा मी शेजारीच उकिडवा बसलो. चेनचा ताण जुळवणाऱ्या ॲडजस्टरची खूण डावीकडे तिसरी आणि उजवीकडे पाचवी निघाली, म्हणजे चाक तिरकंही होतं. त्यांनी दोन्हीकडे खुणा सारख्या केल्या, चेन मधोमध वीस ते तीस मिलिमीटर खेळेल एवढी ठेवली. मला ब्रेक दाबून धरायला सांगितला, लायनर ड्रममध्ये नीट मध्यावर बसावेत म्हणून, आणि मगच नट आवळला. त्यानंतर चेन पुन्हा तपासली. ब्रेकची प्लेट धरून ठेवणाऱ्या पट्टीच्या बोल्टला जुनीच स्प्लिट पिन, म्हणजे नट निसटू नये म्हणून टोकं वाकवून घालायची पिन, ठोकून सरळ करून घातली होती. ती फेकून नवी घातली. तो बोल्ट निघाला तर ब्रेक मारताच प्लेट चाकाबरोबर फिरते आणि चाक जाम होतं. पिनेची किंमत चहापेक्षा कमी.

त्या पोराला दोष देऊन भागणार नाही. त्याला हे कुणी शिकवलेलंच नाही, आणि तो चाक बसवत होता तेव्हा मीही फोनवर बोलत उभा होतो. अभियानात शाळकरी मुलांच्या हाती फलक देऊन फेरी काढतात, तशी तालुक्यातल्या पंक्चरवाल्यांना एक दुपार आयटीआयमध्ये बोलवावी. तिथल्या निदेशकांनी त्यांच्यासमोर एक चाक खोलून बसवून दाखवावं, मग त्यांच्याकडूनही बसवून घ्यावं. चहा-नाश्त्याचा खर्च मी देतो.

– एक पशुधन पर्यवेक्षक, वाई