तरंगणारी वीट

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "पाण्यावर तरंगणारी वीट घराला लावायची?" तेव्हा मागे कारखान्यातला मिक्सर घरघरत होता, नीट बोलता आलं नाही. म्हणून लिहितो.

आम्ही बनवतो तो राखेचा ब्लॉक तरंगतो, खरं आहे. घनमीटरला ६०० किलोच्या आसपास वजन. दहा-बारा विटांची जागा घेणारा ब्लॉक एकटा माणूस उचलतो. राख दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राची. त्यात चुना, सिमेंट, थोडं जिप्सम आणि घनमीटरमागे जेमतेम अर्धा किलो अ‍ॅल्युमिनियमची पूड. ती चुन्याला भिडली की हायड्रोजन सुटतो आणि आई, तुझ्या इडलीच्या पिठासारखा सगळा लगदा साचा भरून वर येतो. घट्ट झाला की तारेने कापायचा, मग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे मोठ्या प्रेशर कुकरसारख्या बंद टाकीत, १८०-१९० अंशांच्या वाफेत दहा-बारा तास.

एका ऑटोक्लेव्हची उरलेली वाफ शेजारच्यात सोडायची, कापताना पडलेला चुरा परत पातळ मिश्रणात घालायचा, ही मांडणी माझी. तुम्हीही भट्टीच्या कडेच्या अर्ध्या भाजलेल्या विटा फेकत नव्हता, पुढच्या खेपेला आत लावायचात.

फजिती पावसाळ्यात झाली. राख ओली आली, मिश्रण थंड पडलं, पण कटर घड्याळावर लावलेला. वेळ झाली, तारा सुटल्या आणि अख्खा केक (साच्यातल्या न कापलेल्या लगद्याला आम्ही केक म्हणतो) लोण्यासारखा बसला. त्या दिवशी तीन साचे गेले. इथला जुना ऑपरेटर काही न बोलता पुढच्या केकवर अंगठा दाबून उभा राहिला. कच्च्या विटेवर तुम्ही दाबायचात, अगदी तस्साच! आता राखेची ओल मोजणारं यंत्र बसवलंय, घड्याळ काढलंय. पण पॅनेलवर एक बटण ठेवलंय: त्या ऑपरेटरने केकवर अंगठा दाबून 'हो' म्हटल्याशिवाय कटर हलत नाही. ऑटोमेशनवाले हसले. हसू देत.

एक गोष्ट मात्र टोचते. आपल्याकडे वीट पाडायला यायची तशी कुटुंबं इथे लागत नाहीत. त्यांची पोरं शाळा सोडून भट्ट्यांमागे फिरायची, तुम्हालाही ते आवडायचं नाही. पण ती माणसं आता कुठे पोट भरतात, ते माझ्या ड्रॉइंगमध्ये कुठेच नाही.

वरच्या खोलीचं काम दिवाळीनंतर काढलंत तर गवंड्याला सांगा: हे ब्लॉक विटेसारखे हौदात भिजवायचे नाहीत, नुसता पाण्याचा हबका मारायचा. सांध्याला जाड माल नको, ब्लॉकसाठी तयार मिळतं ते मिश्रण तीनेक मिलिमीटर पुरे. आई, तुझं भांड्यांचं फडताळ साध्या खिळ्यावर टांगू नकोस, लांब फास्टनर मी येताना आणतो. आणि बाबा, मागच्या न्हाणीच्या पायाला तुमची भाजकी वीटच घ्या. जमिनीच्या ओलीत हा ब्लॉक मी स्वतःही लावणार नाही.

तुमचा,
बाळू