डोकं दुखलं तर सांग

पुणे, १२ जून

चि. रेवा,
अनेक आशीर्वाद.

तुझी सॅक भरून झालीये, म्हणून हे पत्र वरच्या खणात टॉर्चपाशी ठेवते आहे. तोंडी सांगायला लागले की तू "हो गं आई, माहितीये" म्हणतेस आणि माझं अर्ध्यावरच राहतं.

सह्याद्रीत मला तुझी फारशी काळजी वाटत नाही. घसाऱ्यावर पाय कसा टाकायचा, धुक्यात वाट चुकली तर जागेवर थांबायचं, हे तुला कळतं. पण आपली कळसूबाई १६४६ मीटर, आणि मनाली दोन हजारांच्या पुढे. म्हणजे बसमधून उतरशील तेव्हाच तू महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच माथ्याच्याही वर असशील. तुम्ही ओलांडणार ती हंप्ता पासची खिंड तर ४२७० मीटर. विरळ हवा कोणाला लागेल हे दमावर ठरत नाही. रोज दहा किलोमीटर पळणाऱ्यालाही ती लागते.

मलाही लागली होती. हे तुला कधी नीट सांगितलं नाही.

१९९४ साली आम्ही उत्तरकाशीकडे गेलो होतो. बारा जणांत मुली दोनच. निघताना कोणीतरी म्हणालं होतं, "मुलींना झेपेल ना?" तिसऱ्या कॅम्पवर माझं डोकं ठणकायला लागलं, जेवण समोर आलं की मळमळायचं. मी कोणाला सांगितलं नाही. ते वाक्य मनात रुतून बसलं होतं. दुसऱ्या दिवशी आणखी वर गेलो आणि संध्याकाळी मला बुटाची नाडी बांधता येईना. बोटं नाडीपर्यंत जायची, पुढे काय करायचं ते सुचायचंच नाही. लीडर म्हणाला, "पहिल्यांदा सगळ्यांनाच होतं, झोप काढ." आमचा खेचरवाला मात्र मघापासून बघत होता. त्याने मला उभं केलं, चालून दाखव म्हणाला. दोन पावलांत माझा झोक गेला. त्यानंतर त्याने कोणाचं ऐकलं नाही. कंदील घेऊन त्याच रात्री मला खालच्या कॅम्पवर उतरवलं. पहाटे मला भूक लागली तेव्हा तो चुलीपाशी जागाच होता.

पुष्कळ वर्षांनी एका डॉक्टर मैत्रिणीला हे सांगितलं, तेव्हा ती क्षणभर बोललीच नाही. मेंदूला सूज यायला लागली की माणूस असा झोकांड्या खातो, म्हणाली. त्या तंबूत झोपून राहिले असते तर सकाळ बघितली असती की नाही, कोण जाणे.

तू गप्प बसशील ती वेगळ्या कारणाने. "माझ्यामुळे सगळ्यांचा ट्रेक बिघडेल" म्हणून. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, आणि भीती मला त्याचीच वाटते. लीडरला वीस माणसं बघायची असतात, तुझं डोकं दुखतंय हे तू सांगितल्याशिवाय त्याला कळणार कसं? जून २०२४ मध्ये उत्तराखंडातल्या सहस्रतालच्या वाटेवर बावीस जणांची तुकडी वादळात सापडली. वाटाडे सोबत होते, तरी नऊ जण गेले. पैसे भरले, गाइड बरोबर आहे, आता आपण नुसतं मागे चालायचं, असं मनात आणू नकोस.

डोकं दुखतंय आणि जेवण जात नाहीये, असं झालं तर झोपण्याआधी सांग. गोळी घेऊन दुखणं दाबू नकोस, ऑक्सिमीटरचा आकडा बरा आला म्हणून लपवूही नकोस. त्रास असेल तर दुसऱ्या दिवशी वर चढायचं नाही. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल गेला तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं. आणि वर जायचं की नाही हे खिंडीच्या अलीकडच्या, बालू का घेराच्या कॅम्पवरच ठरव. खिंड ओलांडल्यावर त्रास वाढला तर मागे फिरायला परत खिंडच चढावी लागते.

तुमच्या आयोजकांना मी फोन केला होता. रागावू नकोस. कोणी आजारी पडलं तर त्याच्याबरोबर खाली कोण उतरणार, एवढंच विचारलं. त्यासाठी वेगळा माणूस असतो, म्हणाले. तो कोण, हे पहिल्याच दिवशी विचारून घे आणि त्याच्याशी ओळख कर.

खिंडीपलीकडे शिया गोरूचा ओढा लागेल, तो सकाळी लवकर ओलांडा. दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं. बूट भिजतात म्हणून अनवाणी उतरू नकोस, आणि सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेव, म्हणजे पाय निसटला तर सॅक टाकता येईल.

डायमॉक्स, म्हणजे विरळ हवेच्या त्रासावरची गोळी, कोणी दिली तरी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस. तू सहा वर्षांची असताना सल्फाच्या औषधाने अंगभर पुरळ उठलं होतं, आणि डायमॉक्स त्याच जातकुळीतली. निघण्याआधी त्यांना भेटून ये. तुला सल्फा चालत नाही, हे मोठ्या अक्षरात लिहिलेली चिठ्ठी औषधांच्या डबीत झाकणाला आतून चिकटवली आहे. लीडरला ती दाखव.

तुझी,
आई