शिव्या मोजणं म्हणजे समीक्षा नव्हे

महोदय,
चित्रपट 'ख्रिस्ती दृष्टीने' पाहायचा म्हणजे त्यातल्या शिव्या, दारू आणि चुंबनं मोजायची, असा समज आमच्या समाजात बराच आहे. हिशेब सोपा, डोकं लागत नाही! पण आमच्याच परंपरेत भोवतालच्या संस्कृतीकडे पाहण्याची वेगळी रीत आहे. हिंदू घरात जन्मलेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांची गाथा माळ्यावर टाकली नाही. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असं ते म्हणत. अभंग आणि कीर्तन त्यांनी उपासनेत आणलं. त्याच्या कितीतरी आधी इंग्रज मिशनरी फादर स्टीफन्स यांनी बायबलची कथा मराठी ओव्यांत रचली, ती १६१६ मध्ये गोव्यात छापली गेली. (त्याच गोव्यात आधी देवळं पाडली गेली होती, हेही सोयीस्करपणे विसरू नये.)

एखाद्या चित्रपटात अपराध्याला क्षमा मिळते का, दुबळ्याच्या बाजूने कोण उभं राहतं, हे प्रश्न शिव्यांच्या यादीपेक्षा शुभवर्तमानाच्या जास्त जवळचे आहेत. आमच्या धर्मग्रामातल्या (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या) युवक मंडळांनी एकदा चित्रपट दाखवून त्यावर अशी चर्चा ठेवावी. फादरांनी मात्र शेवटी बोलावं.

— एक वाचक, वसई