कानातलं जातं ऐकणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

पोरीचा डावा हात ढिला पडत होता, पेन्सिल गळायची. मानेत नस दबली असेल म्हणून आम्हाला तुमच्याकडे फिजिओथेरपीत ट्रॅक्शनला, म्हणजे पट्ट्यानं मानेला ताण द्यायला, पाठवलं होतं. कानात काहीतरी वाजतं, हे तिनं आधी दोन ठिकाणी सांगितलं होतं. एकांनी मळ काढला, दुसऱ्यांना ते शाळा बुडवायचं निमित्त वाटलं. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटलं होतं.

तुम्ही पट्टा बांधायला घेतलात आणि तिच्या पाठीवरचे चहाच्या रंगाचे डाग मोजायला लागलात. नऊ भरले.

"कानात काय वाजतं गं?"

"जातं."

"ते फिरतं तसं टेबलावर बोट आपट बघू."

तिनं बोट आपटायला सुरुवात केली, तुम्ही दुसरं मनगट धरलंत. नाडीचा आणि बोटाचा ठेका एकच! मग कानामागे स्टेथोस्कोप लावून मलाही ऐकवलंत. खरंच घरघर होती. पट्टा परत खुंटीला गेला. "आज मानेला हात लावायचा नाही. आधी एमआरआय."

न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १, त्या डागांमागचा आजार. हे नाव न अडखळता घ्यायला मला आठवडा लागला. साधारण ३,००० बाळांत एकाला होतो, आणि निम्म्या मुलांच्या आईवडिलांत तो नसतोच. (सासूबाईंनी तरी माझ्या माहेरची चौकशी केलीच.) मज्जातंतूंचा आजार, अंगावर गाठी येतात, एवढंच सगळे सांगतात. पण १७व्या गुणसूत्रावरच्या ज्या जनुकाच्या बिघाडानं तो होतो, त्याचं काम रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही असतं. क्वचित एखाद्या मुलात मानेच्या मणक्यांमधून मेंदूकडे जाणारी धमनी शेजारच्या शिरांत थेट उघडते. हिचं तेच झालं होतं. धमनीचं जोराचं रक्त शिरांत घुसत होतं, फुगलेल्या शिरा मज्जारज्जूवर दाब देत होत्या. अशा मानेला ताण दिला असता तर, हा विचार मी रात्री करत नाही.

जांघेतून बारीक नळी नेऊन प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी सोडली आणि ती वाट बुजवली. शुद्धीवर येताच म्हणाली, "आई, जातं थांबलं." त्या रात्री मात्र तिला झोप लागेना. फार शांत वाटतंय म्हणाली, पंखा मोठा करायला लावला.

ताई, त्या दिवशीचे पैसेही तुम्ही घेतले नाहीत. दहा बैठकांचं कार्ड माझ्या पर्समध्ये तसंच कोरं आहे. आता हाताचे व्यायाम सुरू करायला डॉक्टरांनी परवानगी दिलीय. मंगळवारी शाळा सुटल्यावर आणू का तिला?